आमची वाटचाल: सहीचा कागद आणि प्रेसवरची माणसं

शीट मेटलचे छोटे भाग प्रेसवर काढून देणं हा आमचा धंदा. काही पॉवर प्रेस, लहानशी टूलरूम, पॅकिंग आणि कोपऱ्यात ऑफिस, एवढाच पसारा. सुरुवातीची बरीच वर्षं ट्रेनिंग असं वेगळं काही नव्हतंच. नवा मुलगा आला की आधी स्क्रॅप उचलायचा, मग डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना हाताखाली उभा राहायचा आणि मामांनी मान डोलावली की मशीनवर बसायचा. (मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. सगळेच त्यांना मामा म्हणतात, मीही.) ही पद्धत फार थोर होती असं नाही. चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही त्यातून पुढच्या हातात जात होत्याच.

मग एक मोठा ग्राहक मिळाला आणि त्याच्यापाठोपाठ अटींची यादी आली. दरवर्षी सगळ्यांनी सुरक्षा, वर्तणूक आणि डेटा सुरक्षा अशी तीन ऑनलाइन मॉड्यूल पुरी करायची, शेवटी प्रश्नोत्तरं, आणि मग सही: ‘मला सर्व सूचना समजल्या असून त्या पाळणं ही माझी जबाबदारी आहे.’ एक जण जरी राहिला तरी ऑडिटमध्ये शेरा. ऑर्डर हवी होती, आम्ही हो म्हटलं.

व्हिडिओत शिडीवरून पडणारा माणूस होता, ऑफिसात लोंबणारी वायर होती. प्रेस कुठेच नव्हती. लोक हसले, एकमेकांना उत्तरं सांगितली, सगळे पास झाले. कंटाळवाण्या ट्रेनिंगने फार बिघडत नाही, माणसं तेवढा वेळ काढून नेतात. हसणं थांबलं ते सहीपाशी. मामांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “साहेब, उद्या कुणाचं बोट गेलं तर हाच कागद काढून दाखवणार ना?”

मी “तसं नाही हो मामा” म्हणालो. पण कागदावर तर तसंच लिहिलेलं होतं.

त्याचा परिणाम दिसला तो नियर मिसच्या वहीत. इजा झाली नाही पण होता होता वाचली, अशा घटना आमच्याकडे या वहीत लिहायच्या. गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेला आडोसा) ढिला झाला, पत्रा उडाला, पॅडलवर चुकून पाय पडला, असं काहीबाही तिथे येत असे. सह्या झाल्यावर पानं कोरी पडू लागली. ऑडिट करणाऱ्याला कोरी वही आवडली. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं होतं की चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या, कारण तिथे चुका बोलून दाखवायची भीती नव्हती. आमची कोरी वही म्हणून मला खटकली.

आणि मामांच्या शंकेत तथ्य होतं. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड मानतात. धोकाच काढून टाका, नाहीतर कमी धोक्याचं काही वापरा, नाहीतर यंत्रावर गार्डसारखी व्यवस्था करा. त्याखाली नियम आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यांत खाली हातमोजे-चष्मे. म्हणजे ज्या उपायावर आम्ही माणसांच्या सह्या घेत होतो, तो खालून दुसरा. आमच्या जुन्या प्रेस पिन क्लचच्या. त्यांचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही, त्यामुळे हात आडवा आला की मशीन थांबवणारा लाइट कर्टनही तिथे उपयोगी नाही. अशा मशीनवर ‘सावध राहा’ म्हणून सही घेण्याला कितीसा अर्थ?

म्हणून पैसा आधी गार्डवर गेला. डायभोवती बंदिस्त गार्ड बसवले आणि हात आत न घालता जॉब सरकवता येईल अशा च्यूट केल्या. मगच ट्रेनिंगला हात घातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना भराभर तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम चालला होता. त्याची पद्धत साधी: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर पुन्हा जाऊन बघा. कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही, असं तिथे मानत. त्या हिशेबाने सही शिकवणाऱ्याचीही हवी.

आता आमच्या कागदावर दोन बाजू आहेत. डावीकडे कामगार काय करील, उजवीकडे कंपनी काय दुरुस्त करील आणि कधी. खाली सुपरवायझरची आणि माझी सही. ट्रेनिंग मशीनपाशी, शिफ्टच्या वेळेत आणि मामांच्या तोंडून. वर्षातून एकदा तासभर बसवण्याऐवजी थोडं थोडं, वरचेवर.

अशाच एका बैठकीत एका मुलाने सांगून टाकलं की दोन्ही हात डायपासून लांब राहावेत म्हणून प्रेसला जी दोन बटणं असतात, त्यांपैकी एक लाकडाची पाचर ठोकून दाबून ठेवतात. हे पूर्वी कुणी मालकासमोर बोललं नसतं. त्याला मेमो दिला नाही. कारण विचारलं, तर ताशी नगांचं टार्गेट एका हाताच्या वेगावर बेतलेलं निघालं. टार्गेट खाली आणलं. बटणंही बदलली, आता दोन्ही एकाच वेळी दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकला सोडावी लागतात. सुपरवायझर अजून त्या टार्गेटवरून कुरकुरतो. त्याचंही अगदीच खोटं नाही, डिलिव्हरीच्या शिव्या तोच खातो.

वर्तणुकीच्या मॉड्यूलचं दुखणं निराळं होतं. ते पहिल्याच पडद्यावर कारवाईची भाषा करायचं, आणि ज्यांनी कधी कुणाला वावगा शब्द काढला नाही अशांचे चेहरे उतरायचे. ते आता आधी मी आणि सुपरवायझर करतो, सगळ्यांसमोर बसून. तक्रार कुणाकडे करायची आणि तक्रार माझ्याविरुद्ध असेल तर कुठे जायचं, यावर सगळ्यांत जास्त वेळ बोलतो. ऑफिसातल्या मुलींना खरं म्हणजे तेवढंच हवं होतं.

वहीत पुन्हा नोंदी येतात. गेल्या ऑडिटला त्यावरून प्रश्न आला, “नियर मिस वाढले कसे?” आम्ही उजवी बाजू उघडून दाखवली. शेरा तरीही बसला.

डेटा सुरक्षेचं मॉड्यूल आहे तसंच आहे. ते ग्राहकाच्या पोर्टलवरचं, त्यात एक ओळही आम्हाला बदलता येत नाही. आम्ही ते कामाच्या वेळेत उरकतो, आणि हे ऑर्डरसाठी करतोय असं सगळ्यांना आधीच सांगतो.