मुंबई–मालवण विमानाने: २५ मिनिटांची थाप

‘मुंबई ते सिंधुदुर्ग, हवाई अंतर ३५० किलोमीटर, वेळ २५ मिनिटं.’ हे वाचून तिकीट काढत असाल तर जरा थांबा. अंतर बरोबर आहे, वेळ मात्र थाप. कुणीतरी ३५० ला जेटच्या ताशी ८५० ने भागून मोकळं झालंय. या मार्गावर असतं ते एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान, वेग ताशी ५०० च्या आसपास. चढणं-उतरणं धरून हवेतच तासभर जातो. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात. उडायच्या रांगेतली ती वेळही तिकिटावरच्या वेळेत मोजलेली असते. सव्वा तास धरून चला.

सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मालवणला सोयीचा तोच, पण मुंबईची फेरी मध्ये बंदही पडली होती. तेव्हा आधी फेरी बघा, राहायचं मग ठरवा.

फेरी नसेल तर गोवा, आणि फसगत होते ती इथेच. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचू नका, कोड वाचा. गोव्यात विमानतळ दोन: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. दोघांत हवेतून जेमतेम ४० किलोमीटर, पण दाबोळीहून मालवणला यायचं तर जुवारी आणि मांडवी, दोन्ही पूल ओलांडावे लागतात. थोडं स्वस्त मिळालं म्हणून दाबोळी घेणं हा शुद्ध वेडेपणा.

मोपा ते मालवण साधारण ८० किलोमीटर, दोन तास. पैसे जातात ते याच टप्प्यात. सीमेवरच्या पत्रादेवीपलीकडे महाराष्ट्र, म्हणून ‘रिकामं परत यावं लागतं’ हे टॅक्सीवाल्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ८० चे १६० किलोमीटर लावले जातात. बॅग डिकीत जायच्या आधी विचारा: परतीसकट एकूण किती? टोल, पार्किंग, रात्रीचं जादा त्यातच ना? ‘बघू, देऊन टाका’ असं उत्तर आलं तर सरळ पुढच्या गाडीकडे वळा. त्यापेक्षा घरगुती मुक्काम असेल तिथल्या काकांना आदल्या दिवशी फोन करा. विमानतळावर भाडं सोडायला आलेली एखादी एमएच ०७, म्हणजे सिंधुदुर्गची गाडी परतीला मिळाली तर दोघांचंही भलं. एकटे असाल तर टॅक्सी बांद्यापर्यंतच, पुढे एसटीने कुडाळ, मालवण. मात्र दुपारचं विमान घ्या, अंधारात शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नका.

मोपामार्गे सगळा हिशेब केला तर दादरच्या घरातून मालवणच्या दारात साडेसहा तास. पावसाळा सोडून वंदे भारत दादरहून पहाटे साडेपाचच्या सुमारास सुटते आणि अकरा-सव्वाअकराला कणकवलीला सोडते. मालवणला जायचं तर गोव्याचं विमान घेऊच नका, हे आमचं स्पष्ट मत. वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडीला मोपा ठीक. पावसाळ्यात रेल्वेही मंदावते, आणि मोपा-चिपी दोन्ही सड्यावर, म्हणजे उंच पठारावर असल्यामुळे ढग खाली आले की विमान घिरट्या घालतं, कधी भलतीकडे उतरतं. त्याच दिवशी पुढचं काही ठरवू नका.

चिपीचं एटीआर मिळालंच तर उजवी खिडकी घ्या, समुद्र त्या बाजूला. पंख वर असल्यामुळे खालचं नीट दिसतं. दरवाजा मागे असतो, म्हणून मागच्या रांगा आधी उतरतात. वरचे कप्पे लहान असतात. चाकाची बॅग शिडीपाशीच काढून घेतील, औषधं आणि चार्जर आधी बाहेर काढून ठेवा.