ओहोटीला किनारा, भरतीला फेरीबोट

गोव्यात आम्ही लोकांना फिरायला नेतो. आमच्या पत्रकात प्रत्येक वाटेपुढे एक रंगीत ठिपका असतो. हिरवा म्हणजे सोपी, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जपून. हे ठिपके मी लावत नाही. लावणारा गृहस्थ रोज सकाळी पाच किलोमीटर पळतो, एवढं सांगितलं की पुरे.

त्याच्या हिशेबाने पणजीच्या फोंतेन्हासला हिरवा. खाडीलगतचा रस्ता सपाट आहे, हे खरंच. पण फुटपाथ उंच, मध्येच तुटलेला आणि उरलेल्या भागावर स्कूटरी. रविवारी सकाळी सातला, गाड्या नसताना, रस्त्याच्या मधून व्हीलचेअर मजेत जाते. सोमवारी दहाला त्याच रस्त्यावर धडधाकट माणूसही अंग चोरून चालतो. मोरजीच्या किनाऱ्याला मात्र लाल, कारण काय तर वाळू.

कोल्हापूरच्या ताईंचा फोन आला तो याच लाल ठिपक्यावरून. बँकेतून निवृत्त, लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून खुर्चीवर. गोव्याला पुष्कळदा येऊन गेलेल्या, पण समुद्र पाहिला तो रस्त्यावरून. "मला पाण्यापर्यंत जायचंय. तुमच्या पत्रकात लाल लिहिलंय, ते कुणी ठरवलं?"

म्हटलं, तिथी बघून दिवस सांगते.

"तिथी? मुहूर्त काढताय काय?"

एका अर्थी मुहूर्तच. किनारपट्टीवरच्या जुन्या माणसांचा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. आमच्याकडे पाणी साधारण तासभर आधी फिरतं. मोबाइलवर मिनिटामिनिटाचं कोष्टक मिळतं आणि मी तेही बघतेच, पण दिवस निवडायला पंचांग पटकन उपयोगी पडतं. जानेवारीतली संकष्टी निघाली : सकाळी आठला पाणी सगळ्यात खाली, दुपारी दोनला सगळ्यात वर. किनाऱ्याला ओहोटी लागते, फेरीबोटीला भरती. दोन्ही एका दिवसात बसत होतं.

सकाळी सातला मोरजीला पोचलो. ताई, त्यांचे थोरले भाऊ, वहिनी आणि कॉलेजात जाणारी नात. दादांनी गाडीतून उतरताच वाळूकडे बघितलं आणि म्हणाले, "यात गाडा ओढायचा? रुतली म्हणजे क्रेन आणणार काय?"

अडचण ओल्या वाळूची नसतेच. पाणी नुकतंच उतरलेली वाळू घट्ट असते, तिच्यावर पोरं सायकली चालवतात. अडचण असते ती रस्ता आणि ओली वाळू यांच्यामधल्या कोरड्या पट्ट्याची. फुगीर चाकांच्या खास खुर्च्या असतात, पण त्या हव्या तेव्हा हाताशी नसतात. एका किनाऱ्यावर तर व्यवस्थित रॅम्प बांधलाय, एक फूट चढाला बारा फूट लांबी हा नियम पाळून. फक्त तो वाळूच्या वीतभर वर संपतो.

होड्यांपाशी दोघे जण जाळं सोडवत होते. होडी ओढताना खाली टाकतात त्या फळ्या बाजूला पडल्या होत्या.

"कितें जाय गो?"

सांगितलं. म्हाताऱ्याने खुर्चीकडे, मग ताईंकडे बघितलं. "व्हर. पूण परत हाड हां." म्हणजे ने, पण परत आण.

दोन फळ्या समांतर टाकायच्या, त्यांच्यापुढे आणखी दोन, खुर्ची त्यांवरून न्यायची, मागच्या दोन उचलून पुढे मांडायच्या. मी हे आधी केलेलं होतं. ताईंना मात्र माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी खुर्ची उलटी करायला लावली. "मोठी चाकं आधी. पुढची लहान चाकं वाळूत खणत जातात, मग नांगर ओढल्यागत होतं. मी मागे रेलते, तुम्ही फक्त ओढा. आणि कुणीही मला उचलायचं नाही." शेवटचं वाक्य दादांसाठी होतं. त्यांनी खाली वाकून हात लावलाच होता.

फळ्यांना माशांचं तेल आणि जुनं ग्रीस लागलेलं. नातीची जीन्स गेली कामातून. सुकलेलं शेवाळ आणि शिंपल्यांची ओळ ओलांडली, चाकाखालचा आवाज बदलला आणि ताईंनी खुर्ची स्वतःच फिरवून समुद्राकडे केली. पुढचा अर्धा तास आम्हांलाच त्यांच्या मागे पळावं लागलं. किनारा पाण्याकडे उतरता असतो, त्यामुळे खुर्ची सारखी समुद्राकडे वळते. त्या खालच्या बाजूच्या हाताने जास्त रेटा देत होत्या आणि दर थोड्या वेळाने ओली वाळू लागलेले तळवे पदराला पुसत होत्या. बारीक खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती, तिच्यातून दोन सरळ रेघा उमटत गेल्या. पाण्याशी पोचल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. चपला काढून नातीकडे दिल्या आणि फूटरेस्ट वर केलं.

आम्ही टेंबाच्या दिशेने निघालो, जिथे शापोरा नदी समुद्राला मिळते. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वन खात्याने घरट्यांभोवती कुंपण घातलेलं असतं. पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. ताईंना कुंपण जवळून बघायचं होतं, पण ते कोरड्या वाळूत वर होतं. "राहू दे, इथून दिसतंय," म्हणाल्या.

आणि इथे दादा थांबले. कारण सांगितलं नाही. नुसते समुद्राकडे बघत कमरेवर हात ठेवून उभे. गुडघे गेलेला माणूस असाच उभा राहतो, निसर्ग न्याहाळत. किनाऱ्यावर सगळं असतं, टेकायला जागा नसते. खडक नाही, कट्टा नाही, शॅकच्या खुर्च्या दूर वर. म्हणून माझ्या पाठीवर घडीचं स्टूल कायम असतं. ते उघडून ठेवलं.

"मला काय झालंय?" दादा म्हणाले.

"तुम्हांला नाही, मला हवंय," वहिनी म्हणाल्या, पण बसल्या नाहीत. मिनिटभराने दादा बसले. नंतर बऱ्याच वेळा बसले.

नऊ वाजून गेल्यावर पाणी वर सरकायला लागलं. परतून फळ्या टाकल्या, फळ्या परत दिल्या. शॅकच्या नळावर गोड्या पाण्याने खुर्ची धुतली. हे विसरून चालत नाही, खारं पाणी आणि वाळू आठवड्यात बेअरिंग खाते. ताईंनी पिशवीतून तेलाची बारकी बाटली काढली, थेंब थेंब सोडला, चाक फिरवून कान लावला. सगळे भजी-पाव खात होते, त्यांचा उपास. चहावर होत्या.

दुपारी रायबंदरला. चोडणची फेरीबोट सोप्या उतारावरून पकडायची तर पाणी वर असायला हवं. ओहोटीला जेटीचा उतार लांबतो, खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत होतो. दोनला पाणी जवळजवळ वरपर्यंत होतं. बोटीची लोखंडी झडप काँक्रीटवर टेकते तिथे तीन बोटांची फट आणि उंचवटा राहतोच. तिथे पुन्हा खुर्ची उलटी. मोटारसायकली थांबल्या, कुणी हॉर्न वाजवला नाही. फेरीबोटीवर हे नेहमी घडतं, रस्त्यावर का घडत नाही कोण जाणे.

पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्याची पायवाट खारफुटीतून जाते. थोडं अंतर ठीक गेलं. मग वाट अरुंद आणि उखडलेली. ताईंनी ब्रेक लावले. "इथून पुढे नको. सकाळचं पोट भरलंय." तिथेच कडेच्या चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले बारके मासे, उड्या मारत होत्या, त्या त्यांनी नातीला दाखवायला घेतल्या.

दादा मात्र पुढे निघाले, खंड्या बघायचा म्हणून. जाता जाता त्यांनी माझ्या पाठीवरचं स्टूल काढून घेतलं.

"राहू दे माझ्याकडे," म्हणाले. "हिला लागलं तर."

"हिला" म्हणजे वहिनीला. त्या आमच्यापाशी, ताईंच्या शेजारी उभ्या होत्या.

संध्याकाळी ऑफिसात मोरजीपुढचा लाल ठिपका खोडायला सांगितला. "मग हिरवा करू?" ठिपके लावणाऱ्याने विचारलं. म्हटलं, ठिपका नकोच. लिही : ओहोटीच्या आधी तासभर ते नंतर दीड तास. कोरडी वाळू साधारण पन्नास पावलं, फळ्या मागाव्या लागतील. बसायला जागा नाही. वाटेत स्वच्छतागृह नाही, शॅकमध्ये विचारावं. तो म्हणाला, एवढं पत्रकात मावत नाही. अजून आमचं त्यावरच चाललंय.