सॅटावरून व्हर्टआयओवर: बूट न होणारा गेस्ट, आतापर्यंतची प्रगती

स्थिती अशी: व्हर्च्युअलबॉक्समधल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजेच गेस्ट) सॅटा या नेहमीच्या डिस्क-कंट्रोलरवर इन्स्टॉल झालेली, ड्राकट (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी इमेज, इनिटरॅमएफएस, बनवणारं साधन) वापरणारी लिनक्स. डिस्क क्यूकाउ२ या फॉरमॅटमध्ये बदलून केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) व्हर्टआयओ, म्हणजे खास व्हीएमसाठीचं आभासी उपकरण, म्हणून जोडली. ग्रब या बूटलोडरचा मेनू येतो, कर्नल सुरू होतो, मग दोन-तीन मिनिटं शुकशुकाट आणि शेवटी ड्राकटचा इमर्जन्सी शेल (बूट अडकल्यावर मिळणारी कमांड-ओळ).

ग्रबचा मेनू दिसला याचा अर्थ फर्मवेअर ठीक आहे. बायोस आणि यूईएफआय या फर्मवेअरच्या दोन प्रकारांची अदलाबदल झाली असती, तर गाडी इथवर आलीच नसती: सीबायोसने (केव्हीएममधल्या बायोसने) ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही’ म्हटलं असतं किंवा थेट यूईएफआय शेल उघडला असता. त्यामुळे त्या सेटिंगला हात लावला नाही.

आधी इमेजची प्रत काढून ठेवली. मग व्हीएमला सीरियल पोर्ट दिला. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीतून संदेश लपवणारे ‘क्वाएट’ आणि ‘आरएचजीबी’ उडवले, शेवटी आधी टीटीवाय० (स्क्रीन) आणि मग टीटीवायएस०,११५२०० (सीरियल पोर्ट आणि त्याचा वेग) असे दोन कन्सोल लिहिले. क्रम महत्त्वाचा: इमर्जन्सी शेल शेवटी लिहिलेल्या कन्सोलवर येतो. ग्राफिकल खिडकीत वर सरकून गेलेल्या ओळी होस्टच्या टर्मिनलमध्ये नीट वाचता येतात. याशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

निदान शेलमध्येच झालं. डिस्कची यादी देणारी ‘ब्लकआयडी’ कमांड काहीच दाखवेना, प्रॉकमधली (कर्नलची माहिती देणारी डिरेक्टरी) पार्टिशन्सची यादी रिकामी. पण सिस या तशाच डिरेक्टरीतल्या पीसीआय उपकरणांचे व्हेंडर क्रमांक पाहिले तर ०एक्स१एएफ४ हजर, म्हणजे व्हर्टआयओचं उपकरण कर्नलला दिसतंय, चालवणारा ड्रायव्हर मात्र नाही. ड्राकट ‘होस्ट-ओन्ली’ पद्धतीत ज्या मशीनवर चालतो तिथे लागणारेच ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये भरतो. इमेज तयार झाली तेव्हा समोर सॅटा होता, म्हणून एएचसीआय (सॅटाचा ड्रायव्हर) आत आला आणि व्हर्टआयओ-ब्लॉक (व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर) बाहेर राहिला. (शेलऐवजी ‘अननोन-ब्लॉक(०,०)’चा पॅनिक आला तर बहुधा इनिटरॅमएफएस लोडच झालेला नसतो, तिथे ग्रबमधली इनिटआरडीची (इनिटरॅमएफएस लोड करणारी) ओळ आणि बूट पार्टिशनवरची शिल्लक जागा तपासावी.)

उपाय: डिस्कची बस तात्पुरती सॅटा केली, गेस्ट उठला. ड्राकटच्या कॉन्फ डिरेक्टरीत नवी फाइल करून ‘ॲड-ड्रायव्हर्स’मध्ये व्हर्टआयओ-ब्लॉक आणि व्हर्टआयओ-पीसीआय टाकले. अवतरणाच्या आत दोन्ही टोकांना एकेक मोकळी जागा सोडायची, नाहीतर दुसऱ्या फाइलमधली नावं एकमेकांना चिकटतात आणि ड्रायव्हर गुपचूप गळतो.

पुढचा सापळा जास्त फसवा आहे. ड्राकटला नुसतं ‘-एफ’ दिलं की फक्त चालू कर्नलची इमेज नव्याने बनते. मेनूतल्या रेस्क्यू एंट्रीतून बूट केलं असेल तर तो कर्नल बहुधा जुना असतो. दुरुस्ती त्याची होते आणि नवा कर्नल पूर्वीसारखाच अडकतो. म्हणून सगळ्या कर्नलच्या इमेज बनवणारं ‘रीजनरेट-ऑल’ही जोडलं. इमेजमधल्या फाइल दाखवणाऱ्या ‘एलएसइनिटआरडी’च्या यादीत व्हर्टआयओ दिसल्यावरच गेस्ट बंद करून बस परत बदलली.

आता रूट (मुख्य फाइल सिस्टिम) माउंट झाली, पण ९० सेकंद थांबून सिस्टिमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) इमर्जन्सी मोडमध्ये. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ती फाइल) डेटाची डिस्क ‘एसडीबी१’ अशी लिहिलेली; व्हर्टआयओवर तीच ‘व्हीडीबी१’ होते. रूट यूयूआयडीने (फाइल सिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहिलेली असल्याने वाचली. ती ओळही यूयूआयडीवर आणली, शिवाय ‘डिस्क नसली तरी पुढे जा’ सांगणारा ‘नोफेल’ लावला. एक डिस्क गायब झाली म्हणून सगळी मशीन अडून बसण्यात अर्थ नाही. रूट (प्रशासकाचं) खातं लॉक असेल तर इमर्जन्सी मोड आत घेत नाही. तेव्हा कर्नलच्या ओळीत ‘आरडी.ब्रेक’ (बूट इनिटरॅमएफएसमध्येच थांबवणारा पर्याय) लिहावं, सिसरूट (तिथे माउंट झालेली खरी रूट) रीड-राइट रीमाउंट करून फाइल सुधारावी, आणि एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) असल्यास फाइलींची लेबलं पुन्हा लागावीत म्हणून रूटवर ‘.ऑटोरीलेबल’ फाइल ठेवावी.

गेस्ट आता व्हर्टआयओवर लॉगिनपर्यंत पोचतो. नेटवर्क अजून बंद आहे: इंटरफेसचं नाव ‘ईएनपी०एस३’चं ‘ईएनपी१एस०’ झालं आणि नेटवर्कमॅनेजरची प्रोफाइल जुन्याच नावाला बांधलेली आहे. ते नाव काढून प्रोफाइल मॅक पत्त्याला बांधायची आहे; त्यासाठी व्हीएमच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये मॅक पत्ता कायम ठेवला आहे.