शेवटची तारीख

"ही शेवटची तारीख माझीच आहे," असे म्हणत ग्रंथालयातल्या त्या आजोबांनी माझ्या हातातल्या पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या पिवळट चिठ्ठीवर बोट टेकवले. जांभळ्या शाईतला शिक्का २००९ सालचा होता, आणि त्याखालचे सगळे रकाने कोरे होते.

मी खरे तर नेहमीप्रमाणे ऐतिहासिक कादंबरी घ्यायला गेलो होतो. ती बाहेर गेलेली असल्यामुळे शेजारच्या कप्प्यातले बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' सहज हाती आले. १८५७ साली प्रसिद्ध झालेली आणि मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी ही कृती आजवर मला केवळ परीक्षेत एका गुणासाठी लिहिण्याचे उत्तर म्हणून माहीत होती. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा नवऱ्याबरोबर प्रवास करताना ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे ऐकणारी, आणि पुढे स्वतःच वैधव्याला सामोरी जाणारी यमुना भेटली. भाषा जुनी आहे, मधूनमधून उपदेशही फार होतो. तरी त्या बायका बोलू लागल्या की पुस्तक खाली ठेववत नाही.

आपल्या कोल्हापुरातले करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, म्हणजे या कादंबरीहूनही सात वर्षांनी जुने. इतकी वर्षे पुस्तके जपणाऱ्या गावात राहून मी मात्र एकाच कप्प्यासमोर उभा राहत आलो, याची आज मनापासून खंत वाटली.

निघताना आजोबा म्हणाले होते, "वाचून झालं की सांगा हं, बोलायला कुणी भेटलंच नाही."

तुमच्या हाती असे अवचित आलेले पुस्तक कोणते?