गाणं शुक्रवारी, जाग गुरुवारी

आमचं पहिलं गाणं आम्ही गुरुवारी रात्री अकराला डिस्ट्रिब्युटरकडे (म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीकडे) चढवलं आणि शुक्रवारी सकाळपासून स्पॉटिफायवर शोधत बसलो. सापडलं मंगळवारी. तोवर आईने अख्ख्या सोसायटीला सांगून झालं होतं!

आता नवीन पोरांना मी एकच सांगतो: तारीख महिनाभर आधी ठरवा. स्पॉटिफायच्या संपादकांनी निवडलेल्या प्लेलिस्टसाठी गाणं स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून, म्हणजे कलाकारांसाठीच्या त्यांच्या ॲपमधून, प्रदर्शनाआधीच पाठवावं लागतं; किमान ७ दिवस आधी पाठवलेलं बरं. एकदा गाणं बाहेर आलं की ती खिडकी बंद. शिवाय स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. म्हणजे चार मित्रांनी रात्रभर लूपवर लावून काही होत नाही. (आम्ही लावलं होतं.)

गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्वही घ्या. आणि बँडमध्ये कोणाचा किती वाटा, ते गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी कागदावर लिहा. आमचा कागद वडापावच्या तेलाने पारदर्शक झालाय, पण चौघांच्या सह्या अजून वाचता येतात. ड्रमरची सोडून, त्याची तेव्हाही येत नव्हती.