आईचा दुसरा सीटी

शुक्रवार, रात्री

आज आईचा दुसरा सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला तीच ८ मिमीची ग्राउंड ग्लास गाठ, म्हणजे स्कॅनवर दुधी काचेसारखी धुरकट दिसणारी. घन भाग नाही, आधीच्या स्कॅनपेक्षा बदल नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, पण आईने विचारलं, "म्हणजे गेली नाही ना?"

तिचं चुकलं नाही. संसर्गाचे, सुजेचे डागही असेच दिसतात आणि काही महिन्यांत विरून जातात. हा विरला नाही. अशा टिकून राहिलेल्या गाठीत कॅन्सरची पूर्वावस्था किंवा अगदी सुरुवातीचा कॅन्सर असू शकतो, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मला ते पटलं. आईने कधी सिगरेट ओढली नाही, पण या गाठी न ओढणाऱ्या बायकांमध्येही सापडतात.

मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. धुरकट ठिपका, आणि त्यातून आरपार दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. त्या झाकल्या जाऊ लागल्या, मधे पांढरा घट्ट भाग दिसू लागला, की काळजी करायची. लक्ष ठेवायचं ते यावर, आणि आकारावर. ८ ची १० मिमी झाली तर वाढली म्हणायचं. तेवढ्यातही आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. निव्वळ धुरकट गाठीला तेवढं वाढायलाही बहुधा दोन-अडीच वर्षं लागतात, काही तर वर्षानुवर्षं आहेत तशाच राहतात. म्हणून आता दर दोन वर्षांनी स्कॅन, पाच वर्षं होईपर्यंत.

दादा फोनवर चिडला होता. "वाट कसली बघताय? काढून टाका!" त्याची भीती मला कळते. पण वाट बघून संधी हातची जात नाही, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. जपानमध्ये २ सेमीपर्यंतच्या, बहुतांश धुरकट गाठी फुप्फुसाचा लहानसा भाग काढून काढल्या. पाच वर्षांनी ९९.७ टक्के रुग्ण हयात होते आणि त्यांचा आजार उलटलेला नव्हता. म्हणजे आईची गाठ पुढे थोडी वाढली आणि तेव्हा काढली, तरी उशीर होत नाही. मग आज, काहीच वाढलेलं नसताना, आईच्या छातीला सुरी कशाला लावायची? तो गप्प झाला. पटलं की नाही, माहीत नाही.

पुढचा स्कॅन याच सेंटरला, पातळ थरांची चित्रं घेऊन करायचा, म्हणजे एकेका मिलिमीटरची तुलना नीट होईल. दोन्ही सीडी कपाटात फाइलमध्ये ठेवल्या. आईला मावशीकडे नाशिकला जायचंय, गाठीसाठी थांबायचं का म्हणत होती. उद्या तिकीट काढते.