खांबाआडून फेनवे

नायगारा झाला, नखशिखांत भिजलो. न्यूयॉर्क झालं, तीन दिवसांत पाय सुजले. वॉशिंग्टनला काय काय पाहिलं ते फोटो उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. अमेरिकेत सात आठवडे राहून आलेल्या माणसानं याहून जास्त सांगायला हवं, मान्य. पण मला सारखी आठवते ती २० सप्टेंबर २०११ ची मंगळवारची रात्र, आणि त्या रात्री मी एका लोखंडी खांबाच्या मागे बसलो होतो.

लेक-जावई बोस्टनजवळ राहतात. आम्ही गणपतीच्या चार दिवस आधी पोचलो. मी नाशिकहून निघालो तो आधीच कावलेला. एप्रिलमध्ये वानखेडेवर विश्वचषक जिंकलेले आपले वीर ऑगस्टमध्ये इंग्लंडला चारही कसोट्या हरून बसले होते. म्हटलं, बरं झालं, आता दोन महिने बोस्टनला कुणी क्रिकेटचं नाव काढणार नाही, हा मार डोळ्यांआड होईल.

आठवडाभरात हिनं मला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारलं, “जावयांची नोकरी गेली का हो?”

शंका रास्त होती. रोज संध्याकाळी सात दहाला ते टीव्हीपुढे बसत. दहापर्यंत चेहरा सुतकी. मग न बोलता उठून भांडी घासत, आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच येई. शेवटी लेकीनं उलगडा केला. “अगं आई, नोकरी ठीक आहे. रेड सॉक्स हरतायत.”

बेसबॉलचं हे प्रकरण क्रिकेटवाल्याला समजायला वेळ लागतो. आपला संघ हरला की पुढच्या कसोटीपर्यंत चार-पाच दिवस मिळतात, शिव्या देऊन माणूस मोकळा होतो. इथे मोसमात १६२ सामने. सहा महिने, जवळजवळ रोज. त्यामुळे घसरगुंडी लागली की दुःखाला सुट्टीच नाही. कालच्या हरण्याचा राग निवतोय तोवर आजचे सात दहा वाजतात. वर बोस्टनच्या या रेड सॉक्स संघाचं दुखणं साधं नव्हतं. मोसमाच्या आधी सगळे म्हणत होते की यंदा यांच्यासारखा संघ नाही. एकट्या कार्ल क्रॉफर्डला सात वर्षांसाठी चौदा कोटी वीस लाख डॉलर कबूल केलेले. सुरुवातीला बारापैकी दहा सामने हरले, मग असे सुटले की ३ सप्टेंबरला वाइल्ड कार्डच्या शर्यतीत टँपा बे या संघाच्या नऊ सामने पुढे होते. गटात पहिले न येताही पुढच्या फेरीत जायची तेव्हा एकच जागा असायची, ती वाइल्ड कार्ड. ती खिशात आहे असं धरून लोकांनी ऑक्टोबरचे बेत आखले होते. आम्ही मंगळवारी मैदानावर गेलो तेव्हा नवाचे दोन राहिले होते.

जाण्याचा हट्ट जावयांचा. आदल्या रात्री दुसऱ्या सामन्यात संघानं अठरा धावा काढल्या होत्या, त्यामुळे ते हवेत. (त्याच दिवशी पहिला सामना हरले होते, हे ते सोयीनं विसरले.) तिकिटाचा डॉलरमधला आकडा ऐकून मी मनात अठ्ठेचाळीसनं गुणाकार केला आणि म्हटलं, सगळ्यांत स्वस्त काढा. जावई म्हणाले, “बाबा, त्या जागा खांबामागच्या असतात. तिकिटावर तसं छापलेलं असतं.” मी म्हटलं, खांब काय एवढा मोठा असतो का?

असतो.

रिव्हरसाइडला गाडी लावून ग्रीन लाइननं केनमोरला उतरलो. ट्रामसारखी ती गाडी लाल शर्टांनी गच्च भरलेली, पण कुणाचा कुणाला धक्का नाही आणि आवाजही नाही. सामन्याला निघालेली गर्दी इतकी गप्प मी पाहिली नव्हती. जावयांच्या अंगात ऑगस्टपासूनचा एकच शर्ट. जिंकत होते तेव्हा धुतला नाही, आता हरतायत तर धुवायची हिंमत नाही. हिनं डब्यात त्यांच्यापासून दोन हात लांबची जागा धरली.

रेड सॉक्सचं मैदान, फेनवे पार्क, १९१२ सालचं. पुढच्या वर्षी शंभरी भरणार होती. आत शिरताना वाटतं, एखाद्या जुन्या गिरणीत आलोय: बुटकी छतं, हिरवा रंग, अरुंद जिने. मग एकदम समोर हिरवळ उघडते आणि डाव्या हाताला ती सदतीस फुटी हिरवी भिंत. तिच्या पायथ्याशी धावफलक, आणि भिंतीच्या आत बसलेली माणसं त्याचे आकडे अजून हातानं बदलतात. मला ते फार आवडलं. गोल्फ क्लब मैदानावर बँकेच्या सामन्यांना आमचा शिपाई शिडीवर चढून पत्रे उलटायचा, त्याची आठवण झाली.

आता आमच्या जागा. लाकडी घडीच्या खुर्च्या, रुंदीला तिकीट काढणाऱ्या माझ्या मनाएवढ्याच. माझ्या खुर्चीतून पाहिलं तर फलंदाज दिसायचा, चेंडू टाकणारा पिचर नाही. म्हणजे दर वेळी एक माणूस खांबाकडे रोखून बघतोय आणि खांबातून अचानक चेंडू येतोय. उजवीकडे झुकलं की पिचर दिसे आणि फलंदाज गायब. तीन तास मी घड्याळाच्या लंबकासारखा हलत होतो.

माझ्या उजवीकडे एक म्हातारा बसला होता. ही त्याला लगेच आजोबा म्हणायला लागली. तो माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठा असेल, हे नोंदवून ठेवतो. विटलेली निळी टोपी, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चौकटींचा कागद, हातात पेन्सिलीचं थोटूक. मी झुकायचो ते त्याच्या खांद्यावर. तिसऱ्यांदा झुकल्यावर तो म्हणाला, “खांबाला नावं ठेवू नका. या मोसमात तोच एकटा जागेवरून हललेला नाही.”

मी हसलो आणि कागदाकडे बोट दाखवलं. बँकेच्या संघात अकरा जणांत मला कधी घेतलं नाही, पण वीस वर्षं स्कोअरबुक माझ्याच ताब्यात होतं. सहा टिंबं जोडून मेडन ओव्हरचा एम काढायचा, विकेट पडली तर त्याचाच डब्ल्यू करायचा. त्यात काय सुख असतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मी त्याला हवेत तो एम काढून दाखवला. तो खूश झाला. मग त्यानं त्याची लिपी शिकवली. प्रत्येक जागेला आकडा: पिचर एक, त्याच्यासमोर बसून चेंडू झेलणारा कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावरचा, तीन. सहानं चेंडू उचलून चारकडे दिला, चारनं तीनकडे, दोन गडी बाद: ६-४-३. फटका हुकला किंवा मारण्याजोगा चेंडू सोडला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की के. बॅट न हलवता नुसता बघत राहून बाद झाला तर के उलटा काढायचा. बावळटपणाला वेगळं चिन्ह असलेला खेळ मला तिथल्या तिथे पटला.

शेंगा विकणारा पोऱ्या वीस हातांवरून पुडा फेकायचा, तो अचूक हातात. सोललेले दाणे नाहीत, अख्ख्या भुईमुगाच्या शेंगा, खारवलेल्या, टरफलं पायाशीच टाकायची. पितृपक्ष चालू होता, हॉटडॉगचा प्रश्नच नव्हता. हिनं अर्धा पुडा आजोबांपुढे केला आणि आपल्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही कधीपासून येता?

वडिलांबरोबर, लहानपणापासून. १९७८ मध्ये चौदा सामन्यांची आघाडी घालवली तेव्हा वडील जेवले नव्हते. १९८६ मध्ये अजिंक्यपदाला एक स्ट्राइक बाकी असताना हातचं गेलं, त्या रात्री दोघं फोनवर होते, पण कुणीच बोलेना. १९१८ नंतर थेट २००४ ला जिंकले, मध्ये शहाऐंशी वर्षं. तेव्हा वडील नव्हते. “दुसऱ्या दिवशी पेपर घेतला आणि त्यांच्या थडग्यावर ठेवून आलो. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला. तिथे मी एकटा नव्हतो. बऱ्याच थडग्यांवर पेपर होते, टोप्या होत्या.”

ही थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. मग मला मराठीत म्हणाली, “पान वाढून आले म्हणा की.”

सहा-सात इनिंग कशा गेल्या ते लिहीत नाही. निम्म्या खांबानं खाल्ल्या. आठव्या इनिंगच्या सुरुवातीला बोस्टन एका धावेनं पुढे होतं आणि लोक, काय सांगू, घाबरलेले होते. पुढे असताना घाबरलेले! समोरचा संघ बाल्टिमोर, गटात तळाला. तरी तिन्ही बेसवर त्यांची माणसं उभी राहिली, आणि एरवी नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायचा तो हुकमी गोलंदाज, जोनाथन पॅपलबॉन, लवकर आणावा लागला. समोर रॉबर्ट अँडिनो नावाचा गडी. जावयांनी डोळे मिटून घेतले.

मी डावीकडे झुकलेलो होतो, त्यामुळे फटका दिसला. चेंडू कुठे गेला ते नाही दिसलं, पण गरजही पडली नाही. छत्तीस-सदतीस हजार माणसांच्या तोंडून एकदम जो श्वास बाहेर पडला त्यावरून कळलं. तिघेही घरी आले. सात-पाच. आणि मग हूऽऽ सुरू झालं. आपल्याच माणसांची इतकी जोरात हुर्यो मी ऐकली नव्हती. मागच्या रांगेतला एक जण त्या क्रॉफर्डच्या पगाराचे हप्ते मोजत होता, दर चेंडूला किती पडतात म्हणून.

म्हाताऱ्यानं हूं की चूं केलं नाही. पेन्सिलीला टोक काढलं. तीन चौकटींत तीन धावा भरल्या, आणि समासात मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं: अँडिनो. माझ्याकडे कागद वळवला, स्पेलिंग नीट दिसावं म्हणून.

तिसरा गडी बाद झाला, बाजू बदलल्या, आणि तेवढ्यात कर्ण्यांतून एक जुनं गाणं लागलं.

जावयांनी घरी सांगितलं होतं की आठव्या इनिंगच्या मध्यात हे गाणं दर सामन्याला वाजतं, सगळे गातात. पण मला वाटलं होतं, आज नाही वाजणार. घरात मयत झाली तर बँडवाला परत पाठवतात ना? अहो, तीच माणसं! मिनिटापूर्वी हूऽऽ करणारी! उभी राहून, हात हवेत नाचवत, तारस्वरात गायला लागली. मागचा तो हप्ते मोजणारासुद्धा. माझं टाळकं सरकलं. आपल्याकडे संघ असा हरला की खेळाडूंच्या घराबाहेर पोलीस ठेवावे लागतात, ते काही चांगलं नाही, पण निदान दुःख तरी दुःखासारखं दिसतं.

“गुलाबी टोप्या,” म्हातारा म्हणाला. २००४ नंतर जमलेल्या, संघ जिंकत असतानाच प्रेमात पडलेल्या लोकांना जुने लोक असं म्हणतात. “यांना हरणं माहीत नाही. आम्ही त्यात मुरलो होतो.” तो बसूनच राहिला. मीही बसून राहिलो, स्कोअरर म्हणून त्याच्या बाजूनं.

आणि ही उभी. टाळ्या वाजवत. शब्द येत नव्हते, पण मध्ये तीन वेळा जे ठेक्यात ओरडायचं असतं ते हिला दुसऱ्या कडव्याला जमलं. एरवी आरतीला आवाज न काढणारी बाई! मी हिचा पदर ओढणार तोच पाहिलं की जावईही गातायत. डोळे लाल, आणि गातायत.

कबुलीच देतो. शेवटच्या फेरीला मी उभा राहिलो. उभं राहिलं की पायथ्याचा खांब तेवढा आड येत नव्हता, असं कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. ठेकाही धरला असेन. खाली पाहिलं तर म्हातारा माझ्याकडेच बघत होता. काही बोलला नाही. कागदावर माझ्यासाठी एक चौकट असती तर त्यात उलटा के पडला असता.

सात-पाचच राहिलं. बाहेर पडताना कळलं की टँपाही न्यूयॉर्कमध्ये हरली, म्हणजे आघाडी दोनच. पुलावर लोक याच्यावर समाधान मानत होते. जावईसुद्धा. हरण्याच्या या पायरीला मी चांगला ओळखतो. दुसऱ्याच्या पायात काटा मोडावा म्हणून देवाला साकडं घालायची वेळ आली, की समजावं.

आठ दिवसांनी, २८ तारखेला, मोसमाचा शेवटचा सामना, बाल्टिमोरला. आमची त्या दिवशी घटस्थापना. लेकीनं परड्यात माती भरून घट बसवला होता, टीव्हीपासून चार हातांवर. आता दोन्ही संघ बरोबरीत. बोस्टन तीन-दोननं पुढे असताना तिकडे पाऊस आला आणि तासाहून जास्त खेळ थांबला. दुसरीकडे टँपा सात-शून्यनं मागे. जावई म्हणाले, बाबा, झालं. मी काही बोललो नाही. टँपानं सात भरून काढले. पावसानंतर नववी इनिंग, दोन गडी बाद, बेसवर कुणी नाही, पुन्हा पॅपलबॉन. एक फटका. दुसरा फटका, बरोबरी. मग पडद्यावर नाव आलं, आणि मी खुर्चीतून उठलो. बाल्टिमोरच्या संघात मला एकच नाव वाचता येत होतं, पेन्सिलीत लिहिलेलं.

क्रॉफर्ड पुढे झेपावला, चेंडू हातमोज्यातून निसटला. चार-तीन. रात्रीचे बारा वाजून दोन मिनिटं. तीन मिनिटांनी टँपाच्या इव्हान लाँगोरियानं तिकडे चेंडू भिंतीपलीकडे मारला आणि बोस्टनचा मोसम संपला. त्या महिन्यात सात विजय, वीस पराभव. पुढे प्रशिक्षक टेरी फ्रँकोना गेले, सामना चालू असताना आत बसून काही पिचर तळलेली कोंबडी आणि बिअर झोडत होते असं पेपरांत आलं. ते वाचून जावयांनी तो शर्ट एकदाचा धुवायला टाकला.

पण ते नंतर. त्या रात्री त्यांनी टीव्ही बंद केला आणि भांडी न घासता झोपले. सकाळी ही घटाला दुसरी माळ बांधत होती. मी चहा घेऊन शेजारी बसलो.

“आज कुणाशी आहे हो मॅच?”

“आज नाही.”

“मग उद्या?”

“आता एप्रिलमध्ये.”

हिनं माळेची गाठ मारता मारता हात थांबवला. “अगंबाई. मग ते आजोबा तोवर संध्याकाळी काय करत असतील?”